सतराचा पाढा

रस्त्याच्या बरोबर मधोमध चिमीचे डोळे मिटले आणि उघडेनात. तिने मिटले नव्हते. ते आपले आपण खाली आले आणि घट्ट बसले. एक पाय पांढऱ्या पट्ट्यावर, दुसरा पुढे टाकायला उचललेला, हातात पिशवी, पिशवीत पाव आणि साबणाची वडी. बरोबरची माणसं पुढे निघून गेल्याचं तिला चपलांच्या आवाजावरून कळलं. मग डावीकडून हॉर्न वाजला. मग आणखी एक, लांबलचक, वैतागलेला. "अहो बाई, झोपलात काय?" गाडीतून कुणीतरी ओरडलं. एरवी तिला हसू आलं असतं. डोळे तिचे ठणठणीत होते. डोळ्यांच्या डॉक्टरने तक्त्यावरची अगदी खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळसुद्धा तिच्याकडून वाचून घेतली होती आणि वर म्हणाला होता, या वयात अशी नजर म्हणजे नशीब काढलंत. नजरेच्या आड पापण्या येत होत्या, आणि पापण्या आता तिचं ऐकत नव्हत्या. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि हलक्या आवाजात सुरू केलं, सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न. एक्कावन्नला डावी पापणी सुटली, अडुसष्टला उजवी. समोर लाल गाडी, काचेमागे एक माणूस, त्याच्या चेहऱ्यावर राग, आणि रागावर हळूहळू चढत चाललेली एक निराळीच सावधगिरी. कारण भर रस्त्यात उभी राहून स्वतःशी पुटपुटणारी बाई त्याला आता नीट दिसली होती. त्याने हॉर्नवरचा हात काढून घेतला. चिमी पुढचा पाढा पुटपुटतच पलीकडे पोहोचली आणि दुकानाच्या पायरीला टेकून उभी राहिली. घाबरण्याइतकीही ताकद तिच्यात उरली नव्हती, नुसता कंटाळा आला होता, स्वतःच्याच तोंडावरच्या त्या दोन कातड्याच्या तुकड्यांचा.

पन्नाशी उलटली तरी ती चिमीच होती, कारण तिला चिमी म्हणणारी ताई अजून होती. पापण्यांचं हे सुरू झालं तेव्हा आधी ताईनेच हटकलं होतं. "डोळे काय मिचकावतेस सारखी? लहान मुलांच्या खोडीसारखं." चिमीलाही खोडच वाटली होती. मग बसमध्ये एका गृहस्थाने तिच्याकडे बघून घसा खाकरला आणि जागा बदलली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण त्याला डोळा मारला असणार. त्या दिवशी घरी येऊन तिने ताईला ते सांगितलं आणि दोघी बहिणी पोट धरधरून हसल्या. "म्हातारपणी चळ लागला तुला," ताई म्हणाली होती. ते हसणं आता आठवलं की चिमीला वाटायचं, तेवढंच काय ते शेवटचं. नंतर मिचकावणं जाऊन मिटणं आलं. डोळ्यांच्या डॉक्टरने कोरडेपणावर थेंब दिले, उन्हाचा चष्मा दिला, काहीही झालं नाही. शेवटी दुसऱ्या डॉक्टरीण बाईंनी, ज्यांच्याकडे चिमी महिन्यामहिन्याला मनाच्या गोळ्यांसाठी जात असे त्यांनी, टेबलावरून वाकून तिच्या पापण्या नुसत्या बघितल्या आणि म्हणाल्या, "हे गोळ्यांमुळे आहे. फार वर्षं घेतल्यात ना." चिमीला गोळ्यांचा राग आला नाही. ज्या गोळीने डोकं जागेवर ठेवलं तिने पापण्या मागून घेतल्या, एवढाच हिशेब तिला कळला. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, गोळी थोडी थोडी कमी करून बघू, मात्र लक्ष ठेवावं लागेल. लक्ष ठेवावं लागेल हे त्या चिमीकडे न बघता ताईकडे बघून म्हणाल्या. ताईने पदर सारखा केला आणि विचारलं, "कमी नाही केली तर नाही का चालणार?"

बोललं की डोळे उघडे राहतात हे चिमीला कामावर कळलं. सूत रंगवण्याच्या कारखान्यात ती शेड बघायची. एका बाजूने उघडी अशी कपाटाएवढी पेटी, आतून राखाडी रंगवलेली, वर दिवे आणि दिव्यांची बटणं. दिवसाचा उजेड, दुकानाचा उजेड, घरच्या बल्बचा पिवळा. गिऱ्हाइकाने दिलेला नमुना आणि कारखान्याने रंगवलेला तुकडा असे कडेला कड लावून पेटीत ठेवायचे आणि मधली रेघ दिसते का ते बघायचं. रेघ नाहीशी झाली की शेड पास. नाही झाली तर सांगायचं, लाल जास्त आहे, अंगाने निळी जाते आहे, रंगाची खोली कमी पडली. टक लावून बघत बसायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात, कारण बघत बसलं की डोळा दोन्ही रंगांशी तडजोड करतो. पहिली नजर खरी. मग राखाडी भिंतीकडे बघून डोळा निववायचा आणि पुन्हा पहिली नजर टाकायची. चिमीची अख्खी नोकरी अशा पहिल्या नजरांत गेली होती. पापण्या खाली यायला लागल्या तेव्हा तिला वाटलं आता हे गेलं. पण रंगखात्याचे मास्तर शेजारी उभे राहून काहीबाही विचारत होते, आणि तिच्या ध्यानात आलं की उत्तर देत असते तोवर पापण्या जागच्या जागी राहतात, गप्प झालं की पडतात. दिवसभर कोण विचारत बसणार? म्हणून पाढे. बेचा फार सोपा, तो म्हणता म्हणता पापणी पडायची. सतराला थोडं डोकं लागतं, सतराला पापणी थांबायची. मास्तरांना तिने सांगून टाकलं. ते म्हणाले, "म्हणा की, बाई. इथे कुणाला ऐकू जातंय?" खरंच होतं ते. पलीकडे यंत्रं अखंड धडधडत आणि त्या आवाजात जो तो स्वतःशीच बोलत असे. रीळवाली सासूशी भांडायची, वाफेवरचा माणूस जुनी गाणी म्हणायचा. उलट मास्तर तिला चिडवायचे, बाईंचे डोळे मिटतात म्हणून आमचा माल सुधारला, दर वेळी ताजी नजर मिळते. त्या गोंगाटात चिमी पाढा म्हणायची आणि तिला शहाण्यासारखं वाटायचं. घरी मात्र शांतता होती, आणि शांततेत ताई होती.

ताई स्वयंपाकघरात काहीतरी निवडत बसायची आणि चिमी मोरीत भांडी घासताना पुटपुटायची. निवडण्याचा आवाज थांबायचा. त्या थांबण्यावरून चिमीला कळायचं की ताई ऐकते आहे. एकदा ती दारात येऊन उभी राहिली.

"कुणाशी बोलत होतीस?"

"कुणाशी नाही गं. पाढे म्हणत होते."

"पाढे?"

"म्हटले की डोळे उघडे राहतात. न बोलले तर मिटतात."

"हो का? बरं," ताई म्हणाली.

ते 'बरं' चिमीने ओळखलं. फार वर्षांनी ऐकलं तरी ओळखलं. तेव्हा, कारखान्यात नव्यानेच लागली होती आणि आई-वडील पाठोपाठ गेलेले होते, तेव्हा भाड्याच्या त्या दोन खोल्यांत चिमी दिवसदिवस बोलत बसायची, कारण तिला समजलं होतं की आपण बोलायचं थांबलो तर छत खाली येईल. छत तिच्या बोलण्यावर उभं होतं. तिच्या दृष्टीने त्यात नवल काहीच नव्हतं, घरात एकीने तरी छताची काळजी करायला नको का? आवाज बसला, ओठ फुटले, तरी ती ताईसाठी बोलत राहिली, ताई त्या छताखाली झोपायची म्हणून. "मी का बोलते ते सांगू का?" असं तिने ताईला विश्वासात घेऊन सांगितलं होतं, आणि ताई म्हणाली होती, "हो का? बरं." मग ताई वाढायची त्या ताटातल्या अन्नाला वास यायला लागला, काहीतरी कालवल्याचा. तिने एकदा ताट मोरीत ओतलं, मग रोजच ओतायला लागली. ताई टेलिफोनच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचे आवाज जोडून यायची आणि घरी येऊन हा एक आवाज ऐकायची. टायपिंग शिकवणारे एक गृहस्थ तेव्हा ताईकडे येत असत, चांगले हसतमुख, येताना पेरू आणायचे. ते यायचे थांबले. त्याबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत. मग मोठ्या भिंतींच्या त्या जागी चिमीला ठेवलं, आणि परत आणताना तिथल्या वयस्कर डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं की पहिली खूण म्हणजे एकटीच बोलायला लागेल, तेव्हा उशीर करू नका. गोळी नाही म्हणाली तर चहातून द्या, म्हणून एक थेंबांची बाटलीही दिली. चव लागत नाही, वास येत नाही. हे चिमीला कसं माहीत? ताईनेच पुढे कधीतरी, सगळं निवल्यावर, ओशाळून सांगितलं होतं. आणि आता चिमी तिला सांगत होती की न बोललं तर डोळे मिटतात. ताईच्या कानांना यात आणि त्या छतात काय फरक वाटणार? चिमी स्वतः ताई असती तर तिलाही वाटला नसता. खरी गोष्ट सांगायला तिच्याकडे जे शब्द होते ते सगळे तिने तेव्हा खोट्या गोष्टीसाठी वापरून टाकले होते.

गोळी कमी झाली आणि पापण्या सुधारायच्या त्या बिघडत गेल्या. नुसत्या पापण्याच नाही, अंगही जड झालं, जीभ टाळूला चिकटायला लागली, दुपारी पेटीसमोर बसल्या बसल्या डुलकी यायची. मास्तर म्हणाले, "बाई, रजा घ्या की थोडी." तिने हसून टाळलं, पण मास्तरांनी ते पुन्हा म्हटलं तर हसता येणार नाही हे तिला कळत होतं. आणि मग चमचा. संध्याकाळी ती कामावरून आली की पलंगाच्या कडेला बसायची आणि पापण्यांना पडू द्यायची, तेवढाच त्यांचा आणि तिचा तह. आत ताई चहा करायची. पूर्वी चहा जी मोकळी असेल ती करायची, अलीकडे ताई तिला ओट्याशी येऊ देत नव्हती, दमून आलीस, बस म्हणायची. मिटल्या डोळ्यांनी चिमी ऐकत बसायची, गाळणं आपटल्याचा आवाज, कप मांडल्याचा आवाज, आणि मग एका कपात चमचा ढवळल्याचा आवाज. एकाच कपात. ताईला साखर निघाल्यापासून घरात दोघींचाही चहा बिनसाखरेचा होता. मग ढवळत काय होती ती?

हा प्रश्न पडला त्या संध्याकाळी चिमीने कप हातात घेतला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला. ताई समोर बसून स्वतःचा चहा पीत होती आणि बोलत होती, वरच्या मजल्यावरच्यांनी पंप दुरुस्त केला नाही, भाजीवाला उद्या येणार नाही. चिमीला भीती वाटली, पण ती थेंबांची नव्हती. तिला तिच्या खात्रीची भीती वाटली. तेव्हाही तिला खात्रीच होती. तेव्हाही तिने असंच कान देऊन ऐकलं होतं, आवाजाला आवाज जोडला होता आणि शेवटी ताईच्या हातापाशी येऊन पोहोचली होती. आतून दोन्ही सारखंच दिसतं, हे कुठल्या डॉक्टरला कोण समजावून सांगणार? पेटीत दिवे बदलून बघता येतात. एका उजेडात जुळलेला रंग दुसऱ्या उजेडात फुटतो आणि खरं काय ते कळतं. डोक्यात एकच दिवा. ती उठली, मोरीपर्यंत गेली. कप कलता केला. आणि तिच्या मनगटाला तो कोन आठवला, ताट ओततानाचा. मागे ताईचं बोलणं थांबलं होतं. चहा ओतून दिला तर वेड ठरत होतं, आणि प्यायला तर पापण्या जात होत्या. चिमीने तिथेच उभ्याने, मोरीकडे तोंड करून, सगळा चहा पिऊन टाकला. "किती गार करून पितेस," मागून ताई म्हणाली, आणि तिच्या आवाजात एवढं सुटल्यासारखं वाटणं होतं की चिमीला रडू आलं.

पुढचे सगळे दिवस तिने तसेच घालवले. घरात ती पाढे मनातल्या मनात म्हणून बघायची, पण मनातल्या पाढ्यांना पापण्या भीक घालत नव्हत्या. मग ती भिंतीला हात लावून चालायची, पातेली चाचपून घासायची. ताईने बाटली कुठे ठेवली असेल ते शोधावं असं तिला एकदाही वाटलं नाही असं नाही. पण शोधणं हेसुद्धा खुणांपैकीच होतं. बाटली सापडली असती तर तिने काय केलं असतं? आणि सापडली नसती तर? दुसऱ्या प्रश्नाचा तिने विचार करायचं सोडून दिलं. तिला एवढंच हवं होतं की तिने एक वाक्य बोलावं आणि समोरच्या माणसाने ते वाक्य ऐकावं, तिचा आजार ऐकू नये. तेवढं मिळालं तर पापण्या राहिल्या काय आणि गेल्या काय.

डॉक्टरीण बाईंकडे जायच्या दिवशी ताईने तिची वेणी घालून दिली. दवाखान्यातल्या बाकावर बसून वाट बघण्यात दोघींची सकाळ गेली. आत गेल्यावर बाईंनी चिमीच्या चेहऱ्यासमोर बोट धरलं, पापण्या पडताना बघितल्या, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"गोळी कमी करून हे वाढायला नको होतं एवढं. चालायला पण हळू झाल्यात का?"

"जड वाटतं," चिमी म्हणाली.

बाई ताईकडे वळल्या. "घरी कशा असतात?"

"छान असते. जेवते, झोपते."

"संशय वगैरे? चिडचिड?"

"छे."

"एकट्या बोलतात का?"

"नाही," ताई म्हणाली. "अजिबात नाही."

ताई खोटं बोलली. दारामागे उभी राहून निवडणं थांबवून ऐकणारी ताई, पहिली खूण इतकी वर्षं तोंडपाठ असलेली ताई, डॉक्टरांसमोर ती खूण गिळून बसली होती. म्हणजे तिने त्या खुणेवरचा इलाज आधीच घरी सुरू केला होता. हा तो दुसरा दिवा होता, आणि त्या उजेडात चिमीला सगळं स्वच्छ दिसलं; आनंद झाला नाही, पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने स्वतःवर विश्वास ठेवला. त्या विश्वासाच्या भरातच ती बोलून गेली. "ताई माझ्या चहात थेंब घालते."

मग बाईंनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची जरा पुढे घेतली. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"असं कधीपासून वाटतंय तुम्हाला?"

आणि चिमीच्या पापण्या पडल्या. त्या मऊ आवाजातलं ते 'वाटतंय' तिला ओळखीचं होतं. आता ती जे काही बोलेल ते सगळं त्या शब्दाच्या पोटात जाणार होतं. डोळे उघडायचे तर पाढा म्हणायला हवा होता, आणि इथे, या खुर्चीत, या घडीला पाढा म्हणणं म्हणजे सही करून देणं. ती अंधारात गप्प बसली. शेजारी ताईच्या पर्सचा चाप उघडल्याचा आवाज आला, मिटल्याचा आला, पुन्हा उघडल्याचा. ताई नाही म्हणेल. म्हणेल, कशाला घालू हो मी? तेवढं म्हटलं की झालं, गोळी वाढेल, कदाचित ठेवूनही घेतील. चिमीला वाटलं, आपणच म्हणावं, मला तसं वाटलं असेल. निदान ताईला खोटं बोलावं लागणार नाही. तिने ओठ ओले केले.

"वाटत नाही तिला," ताई म्हणाली. "घालते मी."

"काय घालता?"

"ते जुने थेंब. आमच्या आधीच्या डॉक्टरांनी लिहून दिलेले. दुकानदार ओळखीचा आहे, देतो." ताईचा आवाज कोरडा होता, शाळेत उभं केल्यासारखा. "बोलते ती एकटी. रोज. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तिला ठेवून घेतलं असतं. मागे ठेवली होती तेव्हा मी रोज डबा घेऊन जायचे आणि ती डबा फेकायची. मी तेव्हा तरुण होते हो. मला आता परत ते नाही व्हायचं. मी थकले."

ताई थकली आहे हे चिमीला माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? पण ते ताईच्या तोंडून तिने कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं तेही परक्या बाईला सांगताना. तिला ज्याची आस होती ते मिळालं होतं, तिचं वाक्य खरं ठरलं होतं, आणि ते हातात घेऊन करायचं काय हे तिला कळेना.

"थेंब आजपासून बंद," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. मग चिमीकडे वळून त्यांनी विचारलं, "बोलता म्हणजे काय बोलता?"

"पाढे. म्हटले की पापण्या सुटतात."

"म्हणा बघू."

चिमीने म्हटले. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. पापण्या सुटल्या. टेबल दिसलं, टेबलावर ओणवलेल्या बाई दिसल्या. "अच्छा," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मनापासूनचं कुतूहल होतं. मग त्या ताईला समजावू लागल्या की असं होतं काही जणांना, बोलल्याने, गुणगुणल्याने पापणीचा ताठरपणा सुटतो, याचा त्या आजाराशी काही संबंध नाही, उलट घरी त्यांना खुशाल बोलू द्या. "लक्षात आलं ना?"

"आलं," ताई म्हणाली. मान हलवली. दोनदा हलवली.

चिमी पाढा म्हणतच होती, कारण थांबली असती तर डोळे मिटले असते, आणि तिला ताईकडे बघायचं होतं. किती दिवसांनी ती ताईला अशी समोरून बघत होती. ताईच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. ताई डॉक्टरांना हो हो म्हणत होती, तिला सगळं पटलं होतं, आणि ती चिमीच्या डोळ्यांकडे बघतच नव्हती. ती बघत होती चिमीच्या हलणाऱ्या ओठांकडे. पर्सवरची तिची बोटं पांढरी पडली होती. चिमीने तो पाढा मध्येच सोडून दिला आणि ओठ मिटून घेतले. पापण्या हळूहळू खाली आल्या, आणि शेजारी ताईने रोखून धरलेला श्वास सोडल्याचं तिला ऐकू आलं.